शून्य मतांचा भाग

रेघ आज पुन्हा अर्ध्यावर होती. गोदाने टीव्हीचा आवाज बंदच ठेवला होता. पडद्यावर एका जपानी कार्टून मालिकेचं चित्र होतं. समुद्रकाठी बसलेली मुलगी, खाली 'भाग ४', आणि त्याखाली भाग किती बघून झाला ते दाखवणारी लाल रेघ. काल संध्याकाळी ती पूर्ण भरलेली होती. गोदाने टीव्ही बंद केला, पदराला पिन लावली आणि अंगणवाडीकडे निघाली.

मालिका बघायचं ते खातं तिच्या मुलीचं, हर्षालीचं होतं. मागच्या वर्षी हर्षालीने नाशिकला कारखान्यातल्या एका मुलाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. ती स्वतःही त्याच कारखान्यात कामाला होती. तिचे वडील तुळशीदास जव्हारच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. या घरात आता तिचं नाव निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पेपर उघडला. पुढे हर्षालीनेही फोन नंबर बदलला. टीव्हीवरचं तिचं खातं मात्र तसंच राहिलं.

दिवाळीत गोदाचं बोट भलत्या बटणावर पडलं आणि ही रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी ती पुढे सरकलेली होती. एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारा दिपेश हर्षालीच्या वर्गातला. त्याने समजावून सांगितलं होतं, की खातं एक असलं तर बघणारा कुठल्याही गावी असो, रेघ सगळीकडे सरकते.

तेव्हापासून गोदा सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर रेघ बघायची. सरकली म्हणजे पोरगी बरी आहे. दुसरी काही बातमी येत नव्हती. मालिका तिने स्वतः कधी लावली नाही. आपण लावली तर तिकडे कळेल आणि हर्षाली खातंच बंद करेल, अशी भीती होती.

पण संक्रांतीपासून रेघ चौथ्या भागाच्या पुढे जात नव्हती. सकाळी अर्धी. संध्याकाळी पूर्ण. दुसऱ्या सकाळी पुन्हा अर्धी. शेवटी गोदा दिपेशच्या दुकानात गेली.

"चौथा?" दिपेशने हातातला फोन खाली ठेवला. "मावशी, तो कोण बघतं? आमच्या ग्रुपवर आवडत्या भागाचं मतदान झालं. अकराव्याला सगळ्यात जास्त. धाकटा भाऊ जातो त्यात. मी इथं रडत बसलो, समोर गिऱ्हाईक उभं. चौथ्याला शून्य मतं."

"त्यात आहे तरी काय?"

"काय नाय. बाप-लेकीचं भांडण झालेलं. दोघं दोन टोकांना बसून फाटलेलं जाळं विणतात. बोलत कोणीच नाय. मधोमध बाप एकदाच विचारतो, 'खाना खाया?' बस. हिंदीत आवाज देणाऱ्याला फुकट पगार."

"मधोमध म्हणजे अर्ध्यावर?"

"हां, अर्ध्यावरच."

"आणि पोरगी काय सांगते?"

"ते नाय आठवत, मावशी. मी तो भाग पळवला."

गोदा विचार करत घरी आली. रात्री पोरगी त्या प्रश्नापाशी येऊन थांबते, इतकं कळलं. उरलेला भाग ती दिवसा कशी बघते? कारखान्यात फोन वापरू देतात? की काम सुटलंय?

एक मेला अंगणवाडीत झेंडावंदन झालं. मुलांना खाऊ वाटून गोदा दुपारच्या आत परतली. दार नुसतं लोटलेलं होतं. टीव्ही चालू होता. तुळशीदास खुर्ची पुढे ओढून बसले होते, आणि पडद्यावर दोन माणसं जाळं विणत होती.

गोदा दारातच खाली बसली. म्हणजे रेघ याच घरातून सरकत होती. पोरगी बरी आहे, असं आपण इतके दिवस नवऱ्याच्या बोटावरून ठरवत होतो. नाशिकहून काहीच आलेलं नव्हतं.

"कधीपासून बघताय?" तिने विचारलं.

"झाले काही महिने." तुळशीदासांनी मान वळवली नाही. "वर तिचं नाव दिसलं. म्हणून लावलं."

"रोज हाच भाग?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू सोडतेस तिथून मी पुढे बघतो."

"मी?"

"सकाळी निम्मा बघून जातेस ना. मी उरलेला बघतो. आता या दोघांचं भांडण कशावरून झालं, ते तूच सांग. मला पहिला अर्धा माहीतच नाही."

"अहो, मी यातलं काहीच बघितलेलं नाही," गोदा म्हणाली. "मी नुसती रेघ बघते."

तुळशीदास आता तिच्याकडे वळले. "मग पहिला अर्धा कोण बघतं?"

तेवढ्यात चित्र थांबलं. विणणारे हात जागच्या जागी राहिले आणि त्यांच्यावर पाटी आली. 'हे खाते दुसऱ्या फोनवर सुरू झाले आहे. इथेच पाहायचे आहे का?' खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'.

एक मेची सुट्टी नाशिकच्या कारखान्यालाही होती.

गोदा उठून टीव्हीजवळ आली. तिने पाटी दोनदा वाचली.

"हो म्हटलं तर?"

"तिकडे बंद पडेल," तुळशीदास म्हणाले. रिमोट त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो हळूच जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"थांबू आपण. तिचं बघून होऊ दे."