सगळ्यांना जमणारी वेळ

विशाखाचा चौथा निरोप आला तेव्हा शिल्पाने फोन पालथा घातला आणि कपाळाला हात लावला. भावंडांच्या एकत्र व्हिडिओ कॉलसाठी मेलबर्नच्या विशाखाला आपली संध्याकाळ चालत नव्हती, कारण तेव्हा तिच्याकडे मध्यरात्र व्हायची. म्युनिकच्या सोमेशला आपली सकाळ नको होती, कारण तेव्हा तो साखरझोपेत. टोरांटोला असलेल्या धाकट्या आलोकचं मात्र एकच उत्तर होतं, "ताई, तुमचं ठरवा. मला कधीबी जमतंय."

"गुणाचं पोरगं आहे," शिल्पा म्हणाली. "सगळ्यात लांब तोच, आणि कुरकुर म्हणून नाही."

तिच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, पेपरातून मान वर न काढता "हं" केलं.

एरवी ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा फोन करावा, असं कंधारच्या या घरात वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. पण मंगळवारी नांदेडला आईच्या, केवळाबाईंच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्यांनी हट्टच धरला होता. "तिघं एका टायमाला, एका काचेत दिसू द्या. मग कुठं बी न्या मला. न्हाईतर मी उंबऱ्याच्या भाईर पाय टाकत न्हाई."

डॉक्टरांनी आता उशीर नको म्हणून बजावलं होतं. आणि केवळाबाई एकदा बसल्या की बसल्या. लातूरच्या कॉलेजात शिकवणारी शिल्पा एकटीच चौघा भावंडांत आईबापांच्या हाकेला होती. निस्तरायचं सगळं तिलाच होतं.

मागच्या उन्हाळ्यात परदेशातल्या लोकांच्या नोकऱ्या जात असल्याची बातमी टीव्हीवर ऐकता ऐकताच केवळाबाईंच्या छातीत पहिली कळ आली होती. आलोकने त्याच रात्री फोन करून सांगितलं होतं, "आई, माझी नोकरी पक्की हाय, तू घोर लावून घेऊ नको." तरी आप्पासाहेबांनी टीव्हीची वायर काढून माळ्यावर टाकली ती टाकलीच. आईच्या कानावर काळजीचं काही जाऊ द्यायचं नाही, असा तेव्हापासून घरचा कायदाच झाला होता.

केवळाबाईंना तासांचं गणित कधी जमलं नाही. त्यांनी ते स्वयंपाकघरात आणून सोपं करून टाकलं होतं. आपलं दूध तापतं तेव्हा विशाखा जेवायला बसते. आपल्या भाकरी होतात तेव्हा आलोकचं अंथरूण पडलेलं असतं. आपली दिवाबत्ती होते तेव्हा सोमेशची दुपार. यात त्या कधी चुकत नसत. उलट सोमेशच्या बायकोला त्यांनी एकदा भलत्या वेळी फोन केला म्हणून झापलं होतं.

शेवटी शिल्पाने रविवारची सकाळ नक्की केली, साडेदहाची. सोमेशने अंधारात उठायचं, विशाखाने लेकीच्या नाचाच्या क्लासबाहेर गाडीत बसून बोलायचं, आणि आलोकने मध्यरात्रीपर्यंत जागायचं.

"आलोकचेच हाल होतील," ती म्हणाली. "त्याला विचारू का, जरा अलीकडं घेऊ म्हणून?"

"त्याला काय विचारती?" आप्पासाहेब घाईने म्हणाले. "जागंल की. तरणं पोरगं हाय."

रविवारी केवळाबाईंनी पहाटेच स्वयंपाक उरकला. त्यात आप्पासाहेबांचा डबाही होता. दर रविवारी ते दुपारच्या बसने नांदेडला जात. वैजनाथराव म्हणून त्यांचे एक जुने सहकारी बायको गेल्यापासून तिथे एकटे राहत होते, त्यांना हा डबा. त्यांना लसूण चालत नाही, हेही आप्पासाहेबांनी सांगून ठेवलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून, कुंकू लावून केवळाबाई लॅपटॉपसमोर येऊन बसल्या.

एकेक चेहरा उगवला. सोमेश कानटोपी घालून जांभया देत होता. विशाखा गाडीत होती आणि आईला बघताच रडायला लागली. आलोक तेवढा ताजातवाना, ओले केस चापून बसवलेले. त्याच्या खांद्यावर पिवळाधमक उजेड पडला होता. टेबलावरचा दिवा बराच मोठा दिसतो, असं शिल्पाच्या मनात आलं. आईच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलत नव्हती.

केवळाबाईंनी तिघांनाही जेवणाचं विचारलं. पहाटे सहाला उठलेल्या सोमेशलासुद्धा. मग त्या आलोककडे बघत राहिल्या.

"झोप येत न्हाई का रे बाळा?"

"न्हाई आई. तुझ्यासाठी जागून राहिलो."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "वाळलास लई. पण डोळ्यांनी बघितलं, जीव थंड झाला. आता मला कशाचं भ्याव न्हाई."

कॉल संपला. केवळाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "शिल्पे, माझी पिशवी भर. उद्या सकाळच्या बसनं निघू."

शिल्पाला रडू आवरेना. तिने आईला मिठी मारली. तिकडे आप्पासाहेबांनीही डोळे पुसले. दवाखान्यातल्या खोलीचं आजच बघून येतो म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

"डबा ऱ्हायला तुमचा," केवळाबाईंनी हाक मारली. त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबा फडक्यात बांधला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"चटणीत लसूण घातला न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आन् आलोकला म्हणावं, मध्यरातीला खिडकीतून ऊन येत नसतंय. पडदा वढून बसत जा."