दहा मिनिटांचं काम

घरातला कॉम्प्युटर भरला, तेव्हा नवरा म्हणाला, "यात आणखी ड्राइव्ह बसतच नाही गं. तुझ्या आईची गाणी काढून टाक, माझ्या सिनेमांना जागा हवीय." कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं, त्याच्यापुढे मी काय बोलणार? आईमागे तिचा तेवढाच आवाज उरला होता. काळजावर दगड ठेवून डिलीट दाबलं.

आज त्याचा विसरलेला डबा द्यायला दुकानात गेले. हुबेहूब आमच्यासारखाच कॉम्प्युटर उघडून तो एका बाईंना समजावत होता.



"अहो ताई, वडिलांचा आवाज असा पुसतात का? आत दोन पोर्ट रिकामे आहेत. आणखी एक ड्राइव्ह जोडतो, दहा मिनिटांचं काम!"