रेघेपर्यंत

"यात थुंकायचं. रेघेपर्यंत," मुलाने म्हटलं आणि डीएनए तपासणीची बोटाएवढी बाटली आईपुढे गल्ल्यावर ठेवली.

म्हातारीने आधी बाटलीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "पन्नास वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले मी. आता माझ्यावरचा तू काढणार?"

"डाग नाही गं आई. शंका आहे."

"मग डागच बरा. धुतला की जातो तरी."

लाँड्रीतली सकाळची गर्दी ओसरली होती. मुलाने घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. आजोबा सापडले, पणजोबा सापडले, आणि घोडं अडलं ते त्याच्या स्वतःच्याच नावावर. त्याच्या जन्माची नोंद दीड वर्ष उशिरा केलेली. त्यात आत्याने तेल ओतलं. म्हणे, त्या वर्षी तुझ्या आईचं पोट काही कोणाला दिसलं नव्हतं. वडिलांना विचारावं तर ते कधीच फोटोत जाऊन बसलेले.

"आणि आपलं जुळलं नाही तर?" म्हातारीने विचारलं.

"तर मी इथे राहणार नाही. कोणाचा आहे ते शोधत जाईन. उसन्या नावावर नाही जगायचं मला."

तो रागाने बोलला नाही. म्हणून ते जास्त लागलं.

"मी सांगितलं यांना, हात दाखवून अवलक्षण कशाला," सून मधे पडली. "नाक तर सरळ तुमचंच आहे."

"नाक माझं नाही. माझ्यासारखं वर असतं, एवढंच."

आतल्या खोलीतून इस्त्रीच्या वाफेचा फुस्कारा आला. तिथे मावशी होती. नात्याची नव्हे, कामाची. अठराव्या वर्षी एक पिशवी घेऊन या दुकानात आली, ती मुलाच्या जन्माआधीपासून इथेच. तोंडात जीभ आहे की नाही असं वाटावं अशी बाई. रोज सकाळी पहिला शर्ट मुलाचा, मग गिऱ्हाइकांचे.

सुनेने बाटलीच्या डबीतला कागद वाचला. "अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही." तिने सासूच्या पुढ्यातला चहा उचलला.

"घ्या. अब्रू गेली ती गेली, चहाही गेला," म्हातारी म्हणाली. ती आत जाऊन मावशीला आजच्या कामाचं काहीतरी सांगून आली आणि हिशेबाच्या वह्या उगाच खालीवर करत बसली.

अर्ध्या तासाने ती बाटली घेऊन उठली.

"इथेच भर ना," मुलगा म्हणाला.

"मी चारचौघांत थुंकत नाही."

ती इस्त्रीच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. बराच वेळ लागला. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं तरी कुठून. मुलगा बंद दाराकडे पाहत राहिला. शेवटी ती आली, बाटली गल्ल्यावर आपटली.

"घे. काठोकाठ मागितली असतीस तरी मिळाली असती."

सून कप आणायला आत गेली. मावशीचा चहा साय धरून तसाच होता.

"मावशी, चहा विसरलात?"

"कपडे फार आहेत आज," मावशी म्हणाली.

निकालाला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मुलगा दुकानात यायचा, गठ्ठे बांधायचा, पण आईच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. म्हातारीची जीभ मात्र दुप्पट चालत होती. एका गिऱ्हाइकाने एक बटण तुटलं म्हणून तक्रार केली, तर म्हणाली, "पोट आत घेतलं असतंत तर टिकलं असतं."

मग एका दुपारी मुलाचा फोन वाजला. त्याने निकाल वाचला, परत वाचला, आणि मळक्या चादरींच्या ढिगावर बसला.

"काय?" सुनेने विचारलं.

"आई आणि मुलगा," तो म्हणाला. "शंकेला जागाच नाही, असं लिहिलंय."

तो उठला, गल्ल्याच्या मागे गेला आणि आईला घट्ट मिठी मारली. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या तिच्या खांद्यावर पोरासारखा रडला.

"चुकलो गं. आता कुठे जात नाही मी."

"पुरे. खांदा ओला केलास. दोरीवर वाळत घालणार आहेस का मला?"

सुनेने तेवढ्यात आत्याला फोन लावला. असं काम तिला सांगावं लागत नाही.

म्हातारी इस्त्रीच्या खोलीत गेली. दार लावलं.

"जुळलं?" मावशीने मान वर न करता विचारलं.

"न जुळायला काय झालं?"

"राहतोय ना मग?"

"राहतोय."

मावशी शर्टाची बाही सरळ करत राहिली. ती आधीच सरळ होती. म्हातारीने तिच्या हातातली इस्त्री काढून बाजूला उभी केली. मग एवढ्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. तिला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"ही त्याने मला मारली, आत्ता बाहेर," ती म्हणाली. "थुंकी तुझी, तर मिठीही तुझीच."