काचेवरचं गेज

“पुन्हा पडलं फ्युएल प्रेशर,” हेल्मेट काढत धाकटा म्हणाला. “ट्रॅकचा सरळ पट्टा अर्धा झाला नाही तोच गाडी मेली.”

थोरली बहीण पुढे झाली. तिने बॉनेट उघडलं, पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची बारीक नळी काढली आणि इंजिन चालू ठेवून गेजकडे पाहिलं. प्रेशर तीन बार. जिथे असायला हवं तिथेच. तिला मनस्वी राग आला. बिघाड समोर उभा राहून भांडला असता तर परवडलं असतं.

शर्यतीत गाडी चालवायचा धाकटा, पण बांधली होती थोरलीने. टर्बो तिने बसवला होता. गेल्या हंगामात गाडी वळणावरच्या भिंतीवर आदळली, तेव्हा पुढचं सगळं अंगही तिनेच नव्याने उभं केलं. धाकट्याला तेव्हा साधा ओरखडाही आला नव्हता. यंदाच्या पहिल्या दोन्ही चाचण्यांत मात्र गाडीला ठरलेला वेग गाठता आला नाही. आज दुपारची चाचणी शेवटची. ती हुकली की हंगामाला रामराम. आणि बाईने बांधलेली गाडी अशीच निघायची, असं म्हणायला बाकीचे गॅरेजवाले टपून बसलेलेच होते.

तिने फिल्टर कापून पाहिला. आतून स्वच्छ. पंप कालच बदलला होता, त्याची वायरही जाड घातली होती. रेग्युलेटर तर तिने दोनदा खोलला. दोष काही सापडेना, आणि हात टेकेल ती थोरली कसली!

भावजय चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, “ताई, दोष गाडीतच आहे ना नक्की?”

“नाहीतर काय माझ्या हातात आहे?” थोरली फटकन बोलली.

भावजय आणखी काही सांगणार होती, पण नवऱ्याकडे बघून गप्प बसली.

थोरलीने लांब नळी जोडून गेज पुढच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, टेपने घट्ट चिकटवलं. पेट्रोलची नळी गाडीच्या आत घ्यायची नसते. मग ती चालकाशेजारच्या सीटवर जाऊन बसली.

“तू कशाला येतेस? वजन वाढेल.”

“तुझी ढेरी चालते गाडीला, मी चालत नाही?”

“अगं, काय होतं ते मी सांगतोय ना!”

“सांगून कळलं असतं तर पंप बदलला नसता. चल म्हणते ना.”

पट्टा मोकळा होता. टर्बोने हवा भरली तशी सुई तीनवरून चढत चारवर गेली आणि तिथेच थांबली. अगदी हवी तशी. थोरलीने पापणीसुद्धा लवू दिली नाही. आता सुई पडली तर पंप, थरथरली तर रेग्युलेटर. काय असेल ते आज पकडायचंच, असं तिने ठरवलं होतं. लांबवर ते भिंतीचं वळण दिसायला लागलं.

“बघ, पडलं प्रेशर!” धाकटा ओरडला.

सुई चारवरच होती.

थोरलीने पहिल्यांदाच गेजवरून नजर काढली आणि खाली पाहिलं. धाकट्याचा पाय लटलट कापत होता, आणि ॲक्सिलरेटरवरून हळूहळू वर येत होता.