ओढणीचं दुसरं टोक

"पोरीचं सोड, आईकडं लक्ष ठेव," निघताना नवऱ्यानं बजावलं, तेव्हा सुकन्या नुसती हसली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिच्या सासूबाई, भामाबाई, खुर्चीतून उठायलाही हात मागायच्या. तिला धास्ती होती तीन वर्षांच्या आरोहीची, कारण तिघी बघायला निघालेल्या बीडजवळच्या पक्ष्यांच्या राखीव तळ्याला कठडाच नव्हता. तिनं ओढणीचं एक टोक लेकीच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि बगळे दाखवतानाही नजर पोरीवरून हलू दिली नाही.

तेवढ्यात वनरक्षकाची शिट्टी वाजली. "ओ ताई, तुमच्यातलं कुणीतरी आत उतरलंय."

सुकन्यानं ओढणी खेचली. आरोही होती तिथंच, खिदळत बोट दाखवत होती. तळ्याकाठी बांधलेल्या दोरीपलीकडं, साळीच्या शेतातल्या चिखलात, लुगडं गुडघ्यावर खोचून, भामाबाई भातलावणीच्या बायकांसोबत वाकून रोपं लावत होत्या.

"जन्म गेला ऊस तोडण्यात," त्या तिथूनच म्हणाल्या. "एकदा लावून तर बघू दे. अन् माझ्या पोराला, सोम्याला, सांगू नको."



परतताना ओढणी भामाबाईंच्या कमरेला होती आणि दुसरं टोक आरोहीच्या मुठीत. वाचणाऱ्यांनो, तुमच्या सासूबाई आत्ता कुठं आहेत, तेवढं जरा बघून घ्या.