पहिला डोस

“बाळाचं वय?” नर्सनं मान वर न करता विचारलं.

“नऊ महिने,” यमुनाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्याच ब्लाउजची बाही वर सरकवली.

“आजी, नातवंड घरीच विसरलात वाटतं!” रांगेतल्या आया हसल्या.

बरोबर आलेला मुलगा ओशाळला. “आई, राजीनामा दे आणि घरी बस. अंगणवाडीचं तुझ्यावाचून अडलंय का?”

“माझं अडलंय.”

रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत त्यांच्या रोगांशी लढणाऱ्या जुन्या लिम्फोसाइट पेशी मेल्या होत्या आणि लहानपणच्या लशींची आठवणही त्यांच्याबरोबर पुसली गेली होती. भावानं दिलेल्या अस्थिमज्जेतून नऊ महिन्यांत नव्या पेशी वाढल्या, पण त्यांना अजून एकही रोग ओळखता येत नव्हता. सगळ्या लशी होईपर्यंत पोरांना जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुई टोचली, तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेजारचं बाळ मात्र सुई बघूनच टाहो फोडू लागलं. सवयीनं त्यांचे हात पुढे झाले, पण त्यांनी ते मागे घेतले.

“रड लेका,” मास्कआडून त्या म्हणाल्या. “माझे आणखी दोन डोस होऊ देत. मग बघतेच तुझ्याकडे.”