घरीच असते

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात नातीला वरणभात भरवणाऱ्या कुमुदताईंना सगळं ऐकू येत होतं. मुलाने त्यांना कायमचं अमेरिकेत बोलावून घेतलं, त्याला वर्ष झालं. आरोग्यविमा मात्र अजून नव्हता, आणि हल्ली जिना चढताना छातीत दुखत होतं.

“तुमच्या आई काय करतात?” विम्याच्या मराठी एजंटने विचारलं.

“काही नाही. घरीच असते.”

हप्त्याचा आकडा ऐकून मुलाने फोन ठेवला आणि तो आत आला. “नाही परवडत गं, आई. पुढच्या वर्षी बघू. तोवर जरा जपून राहा, जिना हळू चढ.”

कुमुदताईंनी शेवटचा घास भरवला, नातीचं तोंड पुसलं आणि तिला उचलून त्याच्या कडेवर दिलं.

“जपूनच राहते. उद्यापासून हिला पाळणाघरात ठेव.”

“काहीतरीच काय! इथल्या पाळणाघराची फी माहितीये तुला? तुझ्या हप्त्याच्या दुप्पट आहे.”

“हो का?” कुमुदताईंनी गॅस बंद केला. “मग लाव त्याला परत फोन. म्हणावं, आई काय करते ते सांगायचं राहिलं.”